उलाढालीचे ढोल आणि हिशेबाची वही

डिसेंबर उजाडला की उपराजधानीचे रूप पालटते. रविभवन आणि नागभवनच्या भिंतींना नवा रंग चढतो, आमदार निवासातील गाद्या उन्हात पडतात, १६० गाळ्यांच्या आवारात कर्मचाऱ्यांच्या मुक्कामाची लगबग सुरू होते आणि वर्षभर ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही ते सिव्हिल लाईन्समधील खड्डे एका रात्रीत बुजतात. याच सुमारास वृत्तपत्रांत दोन प्रकारच्या बातम्या हटकून झळकतात. पहिली, ‘हिवाळी अधिवेशनावर कोट्यवधींची उधळपट्टी’. दुसरी, शहरात भरलेल्या एखाद्या परिषदेची, ‘शेकडो कोटींची उलाढाल अपेक्षित’. पहिली बातमी वाचून आपण हळहळतो, दुसरी वाचून सुखावतो आणि चार दिवसांत दोन्ही विसरतो. दोन्ही बातम्यांत एक साम्य आहे, ते मात्र आपल्या ध्यानात येत नाही. उधळपट्टीच्या बातमीत जमेची बाजू कोरी असते, उलाढालीच्या बातमीत खर्चाची. ज्या वहीला एकच बाजू आहे तिला हिशेब म्हणत नाहीत.

प्रस्तुत लेखक गेली सुमारे तीस वर्षे या शहरात पत्रकारिता करीत आहे. काही वर्षांपूर्वी एका परिषदेच्या समारोपास उपस्थित होतो. व्यासपीठावरून शंभर कोटींच्या उलाढालीची घोषणा झाली, टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी संबंधित आयोजकांना सहज विचारले, ‘‘साहेब, हा शंभराचा आकडा काढला कसा?’’ ते मनमोकळे हसले आणि म्हणाले, ‘‘अहो, साधारण अंदाज असतो. नव्वद म्हटले तर बरे दिसत नाही.’’ दुसऱ्या दिवशी तो आकडा सर्व वृत्तपत्रांत पहिल्या पानावर होता. आमच्याही होता. म्हणून या लेखातील टीकेचा पहिला धनी आपला व्यवसाय आहे, हे आरंभीच मान्य केलेले बरे.

मोजण्याची पद्धत नाही असे थोडेच आहे?

परिषदा, संमेलने, प्रदर्शने आणि व्यावसायिक बैठका यांचा आज जगभर एक स्वतंत्र उद्योग मानला जातो. तो मोजायचा कसा, याचा विचार संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेने २००६ मध्ये केला. त्या अहवालाने व्याख्या ठरविली. किमान दहा माणसे, किमान चार तास आणि कराराने घेतलेली जागा असेल तर ती ‘बैठक’. देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाला जोडून पर्यटनाचा जो ‘उपग्रह लेखा’ तयार करतात, त्यातच या बैठकांचा वेगळा रकाना करावा, अशी ती पद्धत. उपग्रह लेखा म्हणजे काही अंतराळातील प्रकरण नव्हे. मुख्य खतावणीला जोडलेली पोटवही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या पर्यटन मंत्रालयानेही असे पर्यटन लेखे २००९-१० आणि २०१५-१६ या वर्षांसाठी केलेले आहेत.

या उद्योगाचे जागतिक आकडे डोळे दिपविणारे आहेत. २०१७ या वर्षात जगातील १८० हून अधिक देशांत दीडशे कोटी लोकांनी अशा कार्यक्रमांत भाग घेतला आणि त्यांपोटी १ लाख ७ हजार कोटी डॉलर प्रत्यक्ष खर्च झाले, असे २०१८ मध्ये ऑक्सफर्ड इकॉनॉमिक्स या संस्थेच्या अहवालाने सांगितले. अहवाल अभ्यासपूर्ण असेल. मात्र तो करवून घेतला होता याच उद्योगाच्या संघटनेने, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. ज्याचे वजन करायचे त्यानेच तराजू धरला, तर मापात खोट असेलच असे नाही, पण ग्राहकाने काट्याकडे नजर ठेवावी, हे आपल्याकडे किराणा दुकानातही शिकवितात.

अमेरिकेत याचा अनुभव येऊन चुकला आहे. जॉन क्रॉम्प्टन या प्राध्यापकांनी १९९५ मध्ये अशा आर्थिक परिणामांच्या अभ्यासांत होणाऱ्या अकरा चुकांची यादीच दिली. हेवूड सँडर्स या अभ्यासकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, सल्लागारांनी वर्तविलेली गर्दी कित्येक शहरांत आलीच नाही, तरीही सार्वजनिक पैशातून भव्य परिषदगृहे बांधण्याची चढाओढ थांबली नाही. एका शहराने बांधले म्हणून दुसऱ्याने बांधले, आणि पाहुणे मात्र तेवढेच राहिले.

साडेचार कोटींचे साडेबावीस लाख

आकडा फुगतो कसा, हे एका साध्या उदाहरणाने पाहू. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर, अर्थशास्त्राशी संबंध बेताचाच. परंतु यासाठी पाचवीचे गणित पुरेसे आहे.

समजा, नागपुरात एक हजार प्रतिनिधींची परिषद भरली. प्रत्येकाने पंधरा हजार रुपये खर्च केले असे धरले. झाले दीड कोटी. हा पैसा हातोहात फिरतो म्हणून त्यास तिनाने गुणायचे. झाले साडेचार कोटी. हा आकडा वृत्तपत्रात जातो.

आता वही उघडू. हजारांपैकी सहाशे जण नागपूरचेच. त्यांनी परिषदेत जेवणाचे पैसे दिले, ते एरवी बर्डीवर किंवा सदरमध्ये खर्च केले असते. शहरात नवा पैसा आला नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. उरले चारशे. त्यांतील शंभर जण कार्यालयीन कामासाठी किंवा नातलगाच्या लग्नासाठी तसेही येणारच होते. उरले तीनशे, म्हणजे पंचेचाळीस लाख. त्या पंचेचाळीस लाखांतील निम्मा पैसा मुख्यालय मुंबईत असलेल्या हॉटेल साखळीकडे, दिल्लीच्या आयोजक कंपनीकडे आणि हैदराबादहून आलेल्या ध्वनी-प्रकाश ठेकेदाराकडे गेला असे समजू. नागपुरात राहिले साडेबावीस लाख. जाहीर आकड्याचा विसावा हिस्सा! त्यातून महापालिकेने केलेली रंगरंगोटी, पोलीस बंदोबस्त आणि सवलतीने दिलेले मैदान यांचा खर्च अजून वजा व्हायचाच आहे.

हे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्षात प्रमाण कमी-अधिक निघेल. एखादी परिषद याहून कितीतरी लाभदायक ठरेल. पण ती कोणती, हे वजाबाकी केल्यावाचून कळायचे कसे?

सामंजस्य करारांचीही तीच कथा आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ परिषद झाली. ४,१०६ सामंजस्य करार आणि १२ लाख १० हजार कोटींची गुंतवणूक, असे तेव्हा जाहीर झाले. सामंजस्य करार म्हणजे साखरपुडा. त्यातून लग्ने किती झाली, संसार किती थाटले, हे त्याच ठळक अक्षरांत दरवर्षी जाहीर व्हायला नको काय? सरकार आपल्या विचाराचे असो वा नसो, खतावणीची पद्धत बदलत नाही. उलट, सत्तेवर आपली माणसे असतील तर हिशेबाचा आग्रह आपणच अधिक धरला पाहिजे. परक्याला विचारलेला प्रश्न राजकारण ठरतो, घरच्याला विचारलेला प्रश्न कर्तव्य ठरतो.

अधिवेशनाचा ताळेबंद

आता पुन्हा हिवाळी अधिवेशनाकडे वळू. विधिमंडळाचे अधिवेशन हा काही उद्योग नव्हे. ते लोकशाहीचे कार्य आहे. पण या शहरात नियमाने भरणारी आणि बाहेरून हजारो माणसे आणणारी याहून जुनी शासकीय सभा दुसरी नाही. नागपूर १९५६ पर्यंत तत्कालीन मध्य प्रदेशाची राजधानी होते. राजधानीचे ते स्थान सोडून विदर्भ महाराष्ट्रात आला, तो २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराच्या भरवशावर. शासन ठराविक काळासाठी नागपुरात येईल आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन दरवर्षी येथे होईल, हे त्या करारातील वचन. म्हणजे अधिवेशन ही नागपूरवर केलेली मेहेरबानी नव्हे. ती मोबदल्याची फेड आहे.

असे असताना दरवर्षी काय ऐकू येते? ‘हुरडा पार्टी’, ‘सहल’, ‘उधळपट्टी’. खर्चाचा आकडा छापणाऱ्यांनी कधी दिवसांनी भागाकार करून पाहिला आहे काय? २०२२ चे अधिवेशन १९ ते ३० डिसेंबर असे चालले. २०२३ चे ७ ते २० डिसेंबर. २०२४ मध्ये ते १६ ते २१ डिसेंबर एवढ्यावर आले आणि २०२५ मध्ये ८ ते १४ डिसेंबरमध्ये आटोपले. मंडप सहा दिवसांसाठी घातला काय आणि चौदा दिवसांसाठी घातला काय, उभारणीचा खर्च जवळजवळ तेवढाच. रंग तोच, फायली मुंबईहून आणणे-नेणे तेच, तात्पुरती विद्युत जोडणीही तीच. दिवस निम्मे झाले की प्रत्येक दिवस जवळपास दुपटीने महाग पडतो. तेव्हा दोष अधिवेशन नागपुरात भरण्यात नाही, ते उरकण्यात आहे. खर्चाच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी अधिवेशन रद्द करण्याऐवजी ते लांबविण्याची मागणी करावी. गणित त्याच बाजूचे आहे.

आणि जमेची बाजू? तरी-पोहे विकणारा गाडीवाला, सावजी भोजनालयाचा मालक, ऑटोचालक, छपाईवाला, धुलाईवाला, धरणे मंडपासाठी सतरंज्या भाड्याने देणारा या सर्वांच्या गल्ल्यात त्या दिवसांत काय पडते, हे विचारायला कोणी गेले आहे काय? योगायोगाने याची एक उत्तम संधी समोर आली होती. २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत झाले. २०२२ मध्ये ते येथे परतले. एकच शहर, एकच महिना. एकदा अधिवेशनाविना, एकदा अधिवेशनासह. करोनाची छाया बाजूला काढून त्या डिसेंबर महिन्यांतील हॉटेलांतील भरलेल्या खोल्या आणि वस्तू व सेवा कराचा भरणा यांची तुलना केली तर बरेच काही हाती लागेल. ती नोंद शासनाच्या दप्तरी आहे. ती काढून पाहण्याची इच्छा हवी.

याहून मोठी जमा रुपयांत दिसत नाही. गडचिरोलीच्या माणसाला नागपूर सुमारे १७० किलोमीटर आहे, तर नागपूरहून मुंबई आणखी आठशे किलोमीटरांहून दूर. मंत्री आणि सचिव येथे आले की त्याची मुंबईची वारी वाचते. रोजी बुडवून, उसने पैसे घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्या झिजविण्याऐवजी तो मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपर्यंत मोर्चा घेऊन येतो, निवेदन देतो आणि दुसऱ्या दिवशी गावी पोहोचतो. त्याचे वाचलेले भाडे आणि वाचलेली मजुरी ही अधिवेशनाची जमाच आहे. ती कोणत्या रकान्यात लिहिली जाते?

अनुशेषाचा धडा

‘मोजून काय होणार?’ असे काही जण म्हणतील. विदर्भाने तरी हा प्रश्न विचारू नये. अन्याय झाला, अन्याय झाला, असे आपण कितीतरी वर्षे ओरडत होतो. कोणी लक्ष दिले नाही. १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९८४ मध्ये तिचा अहवाल आला आणि राज्यातील विकासाची तूट ३,१८६ कोटी रुपये असल्याचे विभागवार व जिल्हावार आकड्यांनिशी पुढे आले. त्या दिवसापासून ‘अनुशेष’ हा शब्द सभागृहात मानाने वावरू लागला. तक्रारीला आकडा मिळाला म्हणून तिची दखल घ्यावी लागली. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, ती याच पायावर. त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि विदर्भाचे मोजमाप करणारी हक्काची यंत्रणाही तेव्हाच गेली.

आपली परंपराही हेच सांगते. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात ‘अक्षपटल’ म्हणजे हिशेब खात्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, वर्षाचे हिशेब आषाढी पौर्णिमेस सादर व्हावेत असा नियम घातला आणि सरकारी धनाच्या अपहाराचे चाळीस प्रकार गणले. ज्या राष्ट्राच्या राजनीतिशास्त्राने हिशेबाला एवढे स्थान दिले, त्या राष्ट्रात ‘साधारण अंदाजा’वर टाळ्या पडाव्यात, हे शोभणारे नाही.

वहीत न मावणारे

येथे एक सावधगिरी हवी. परदेशी व्याख्या जशीच्या तशी उचलली तर आपल्या समाजाचे निम्मे चित्र पुसले जाईल. ‘कराराने घेतलेली जागा’ ही अट लावली की विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणारा लाखोंचा जनसमुदाय त्या व्याख्येत बसत नाही. तो हॉटेलात उतरत नाही. भोजनदान करणाऱ्या मंडळांच्या पंक्तीला जेवतो, पदपथावर निजतो, ग्रंथांच्या गाठोड्यासह परततो. रेशीमबागेत उन्हाळ्यात भरणाऱ्या वर्गाला देशभरातून येणारा कार्यकर्ता स्वतःचे शुल्क व प्रवासभाडे भरतो. त्याची व्यवस्था पाहणारा स्वयंसेवक वेतन घेत नाही. जिथे ठेकेदाराचे देयक नाही, तिथे पाश्चात्त्य लेखापालाच्या दृष्टीने काहीच घडले नाही!

१९२० च्या डिसेंबरात नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. सी. विजयराघवाचार्य अध्यक्ष होते आणि चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले होते. त्या पाहुण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या स्वयंसेवकांच्या दलाची जबाबदारी डॉ. ल. वा. परांजपे आणि डॉ. हेडगेवार यांनी सांभाळली. त्या अधिवेशनाने असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब केले. त्याची ‘उलाढाल’ किती, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण हसू. त्या आठवड्यात खाणावळींचा धंदा किती झाला, यावरून त्या अधिवेशनाचे मोल ठरत नाही.

याचा अर्थ मोजू नये असा नाही. जे पैशासाठी भरते, ज्याला सार्वजनिक पैसा मिळतो आणि जे पैशाचा दावा करते, त्याचा हिशेब पैशात झालाच पाहिजे. जे सेवेवर उभे राहते त्याचे सेवातास मोजा, पंक्ती मोजा, पण उलाढालीच्या तराजूत घालून त्याला शून्य ठरवू नका.

आता करावे काय?

हा विषय आज निकडीचा झाला आहे. दिल्लीत २०२३ मध्ये सुमारे २,७०० कोटींचा ‘भारत मंडपम्’ आणि त्याच वर्षी सुमारे ५,४०० कोटींच्या ‘यशोभूमी’चा पहिला टप्पा उभा राहिला. देशाच्या राजधानीला ते शोभून दिसते. नागपुरातही रेशीमबागेचे सुरेश भट सभागृह आणि कामठी मार्गावरील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाचे परिषदगृह आहे. जानेवारी २०२३ मध्ये विद्यापीठाच्या शताब्दी वर्षात १०८ वी भारतीय विज्ञान परिषद येथे झाली, पाठोपाठ मार्चमध्ये जी-२० अंतर्गत सी-२० ची बैठक झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हिंगणा तालुक्यातील गोधनी व लाडगाव येथे सुमारे ६९२ हेक्टर जागेवर व्यापार व वित्त केंद्र उभारण्यास मान्यता दिली. ती जमीन शेतकऱ्यांची आहे. ज्याच्या जमिनीवर उद्या परिषदांचे झगमगते दिवे लागतील, त्याला आकडा खरा सांगणे हे आपले किमान ऋण आहे.

उपाय अवघड नाहीत. शासनाचे एक रुपयाचेही साहाय्य घेणाऱ्या प्रत्येक परिषदेने नोंदणीतच तीन प्रश्न विचारावेत: कोठून आलात, किती रात्री राहणार आणि ही परिषद नसती तर नागपुरात आला असता काय? दुसरे, आयोजकाने दिलेल्या देयकांची वर्गवारी करावी. वस्तू व सेवा कराच्या क्रमांकातील पहिले दोन आकडे राज्य सांगतात, महाराष्ट्राचे २७. नागपूर शहराचा पिनकोड ४४० ने सुरू होतो. पैसा नागपुरात राहिला की पुढच्या विमानाने परत गेला, हे तासाभरात कळते. तिसरे, महापालिका, पोलीस व अन्य खात्यांचा खर्च त्याच कागदावर समोरच्या बाजूला लिहावा. चौथे, एका वर्षाने करारांची प्रगती जाहीर करावी. आणि पाचवे, हे मोजमाप आयोजकाकडे सोपवू नये. विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाकडे द्यावे, विद्यार्थ्यांना कामास लावावे आणि निष्कर्ष दरवर्षी राज्याच्या आर्थिक पाहणीत छापावा.

प्रारंभ हिवाळी अधिवेशनापासून व्हावा. शासनाने स्वतःच्या सभेचा ताळेबंद मांडला तर इतरांना मांडावाच लागेल. आकडा मोठा निघाला तर अधिवेशन लांबविण्यास कोणाचा विरोध टिकणार नाही. लहान निघाला तरी चिंतेचे कारण नाही, कारण नागपूर कराराचे वचन उलाढालीच्या अटीवर दिलेले नव्हते. दोन्ही परिस्थितींत सत्य आपल्याच बाजूचे आहे.

वाचकांनी एवढेच करावे. यापुढे कोणी व्यासपीठावरून कोटींची उलाढाल सांगितली की टाळी वाजविण्यापूर्वी हात वर करावा आणि नम्रपणे विचारावे, ‘‘वही कुठे आहे?’’